पाश्चात्त्य संगीतकारांचा ६ बाय ३ फुटी कालपट: मांडणी, नावं आणि छपाई

नेरूळ_सेक्टर | शनिवार, रात्री ९:१०

कीबोर्ड आणि व्हायोलिनच्या क्लाससाठी भिंतीवर लावायचा तक्ता करायचा आहे. विषय पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रचनाकार, सुरुवातीपासून आजपर्यंत. मुलं ८ ते १६ वयाची. बाजारात मिळणारे तक्ते इंग्रजीत आहेत आणि अक्षर इतकं बारीक की नाक टेकवून वाचावं लागतं, म्हणून मराठीत करून घ्यायचं ठरलंय.

जागा नेरूळला, खिडकी आणि कपाट यांच्यामधली ७ फूट रुंद भिंत. पोस्टर ६ बाय ३ फूट धरलंय, मुलं ४-५ फुटांवरून वाचतील. यादीत साधारण ६० नावं आहेत. पहिला आराखडा असा: ६० सारखे चौकोन, प्रत्येकात चित्र, नाव, साल, जन्मक्रमाने. पण ते शाळेतल्या थोर पुरुषांच्या तक्त्यासारखं दिसतंय. कोण कोणाच्या काळातला, काहीच कळत नाही.

तर मांडणी कशी करावी? हिल्डेगार्डचा जन्म १०९८ चा, तिथपासून धरलं तर ९०० वर्षं ६ फुटांत कशी बसवायची? नावं देवनागरीत कशी लिहायची (चोपिन की शोपँ)? आणि छपाई कशावर? भिंत बाहेरच्या बाजूची आहे, पावसाळ्यात ओल धरते.

आडवी_पट्टी | शनिवार, रात्री ११:४२

चौकोन रद्द करा. बाख, हेंडेल आणि दोमेनिको स्कार्लात्ती तिघंही १६८५ चे, पण चौकोनांत ते एकामागून एक आल्यासारखे दिसणार. ३१ व्या वर्षी गेलेला शूबर्ट आणि ८७ वर्षं जगलेला वेर्दी एकाच मापाचे होणार. प्रत्येकाला एक आडवी पट्टी द्या, जन्मसालापासून मृत्युसालापर्यंत, खऱ्या मोजपट्टीवर.

आता मापं. ६ फूट म्हणजे १८२९ मिमी. ११०० ते २०२० सलग घेतलं तर वर्षाला २ मिमीसुद्धा मिळत नाहीत. शूबर्टची पट्टी जेमतेम ६ सेंटिमीटर, तीत ५ फुटांवरून वाचता येईल असं नाव मावत नाही. म्हणून १५६० च्या आधी जन्मलेल्यांना मोजपट्टीच्या बाहेर काढा. १५६० ते २०२० ही ४६० वर्षं, वर्षाला ३.५ मिमी, म्हणजे १६१० मिमी. उरले २१९. दोन्ही कडांना ४०-४० सोडले की डावीकडे १३९ मिमी राहतात. ९ मिमी फट, १३० मिमीचा उभा कप्पा. त्यात हिल्डेगार्ड, पेरोतँ, माशो, द्युफाय, जोस्कँ, पालेस्त्रिना, लासो, बर्ड अशी ८ नावं मोठ्या अक्षरात, पट्ट्यांशिवाय. तसंही यांतल्या बहुतेकांचं जन्मसाल अंदाजाचंच आहे, तिथे मिलिमीटरची अचूकता दाखवणं खोटं ठरेल. कप्पा आणि मोजपट्टी यांच्यामध्ये नागमोडी रेघ मारा, म्हणजे काळ तिथे तुटलाय हे कळेल.

असं केल्यावर मोजपट्टीवरचा पहिला माणूस मोन्तेवेर्दी (१५६७-१६४३) येतो. आजही रंगमंचावर टिकून असलेल्या ऑपेरांमधला सर्वांत जुना 'ऑर्फेओ' (१६०७) त्याचाच. सुरुवातीला त्याच्याइतका योग्य माणूस शोधूनही मिळाला नसता.

ओळी किती लागतील? एकाच वेळी जास्तीत जास्त जितके जण जिवंत होते तितक्या. सर्वांत दाटी १८८० च्या आसपास आहे. त्या सालावर उभी फुटपट्टी ठेवली की हे सापडतात: लिस्ट, वाग्नर, वेर्दी, क्लारा शूमान, ब्रुकनर, स्मेताना, ब्राम्स, बोरोदिन, सँ-साँस, मुसोर्ग्स्की, चायकोव्स्की, द्वोर्झाक, ग्रीग, रिम्स्की-कोर्साकोव, फोरे, यानाचेक, एल्गार, पुच्चीनी, मालर, देब्युसी, रिखार्ड श्ट्राउस, सिबेलियस, साती, राख्मानिनोव, होल्स्ट, शोनबेर्ग, आइव्ज, राव्हेल. अठ्ठावीस. यातले शेवटचे पाच तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते, पण पट्टी सुरू झालेली असते. हीच फुटपट्टी १७५५ वर ठेवा: हेंडेल, टेलेमान, रामो, दोमेनिको स्कार्लात्ती, ग्लुक, कार्ल फिलिप बाख, हायडन, योहान क्रिस्टियान बाख. फक्त आठ.

२८ ला थोडी सैल जागा धरून ३० ओळी आखा. भरायची रीत लोकलच्या फलाटासारखी, आधीची गाडी निघाल्याशिवाय दुसरी लागत नाही. यादी जन्मसालाने लावा. एकेक नाव घेऊन वरून खाली बघत या, जी पहिली ओळ मोकळी झालेली दिसेल तिथे ते टाका. आधीच्या पट्टीच्या टोकापासून किमान ४ वर्षं, म्हणजे १४ मिमी, मोकळी ठेवा. नाहीतर दोन पट्ट्या चिकटून एकच माणूस दीडशे वर्षं जगल्यासारखा वाटतो.

उंचीचा हिशेब: ३ फूट म्हणजे ९१४ मिमी. वरखाली ४०-४० कडा, शीर्षकाला ९०, वर्षांची आखणी वर २५ आणि खाली २५. उरले ६९४. पट्टी १४ मिमी, मधली फट ५, म्हणजे ओळीला १९. ३० ओळींचे ५७० झाले. तळाला १२४ मिमी शिल्लक राहतात, त्यात रंगांची सूची वगैरे. नाव ३० पॉइंटात. १४ मिमीच्या पट्टीत याहून मोठं अक्षर घेऊ नका, देवनागरीला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असतो, ते कापले जातात.

नाव बसतंय की नाही याची परीक्षा सर्वांत आखूड पट्टीवर घ्या. लिली बुलांजे (१८९३-१९१८) यादीत असेल तर तिची ८७.५ मिमी. नसेल तर पेर्गोलेसी (१७१०-१७३६), ९१ मिमी.

एक मोह टाळा. १८ वं शतक मोकळं दिसतं म्हणून तिथली मोजपट्टी आखडून १९ व्या शतकाला जागा द्यावीशी वाटेल. नको. तो मोकळेपणा आणि ती दाटी हाच या तक्त्यातला अर्धा मजकूर आहे. आणि मोकळी जागा वाया जात नाही: वरच्या बारा ओळींत १८०० पर्यंतची मंडळी आटोपतात, त्यांच्याखाली साधारण ८४० बाय ३४० मिमीचा पूर्ण रिकामा तुकडा मिळतो. चित्रं तिथे.

तानपुरा_नौपाडा | रविवार, सकाळी ८:०५

तळाच्या १२४ मिमीत नुसती रंगांची सूची कशाला? तिथे आपल्याकडच्या घटनांची पट्टी टाका, त्याच मोजपट्टीवर. मुलांना १७६१ म्हटलं की पानिपत लगेच कळतं. त्याच वर्षी हायडन एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत रुजू झाला हे वरच्या ओळीत दिसलं की ते साल डोक्यात बसतं.

जुळणारी काही:
१६७४ शिवराज्याभिषेक. विवाल्दी अजून जन्मायचाय (१६७८).
१७३७ ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला. त्याच वर्षी क्रेमोनात व्हायोलिन बनवणारा स्त्रादिवारी वारला. व्हायोलिनच्या क्लाससाठी हे हवंच.
१८५३, १६ एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी. त्याआधी जेमतेम सहा आठवडे, ६ मार्चला, व्हेनिसमध्ये व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'चा पहिला प्रयोग झाला होता (आणि पडला होता).
१९०१, जानेवारीत व्हेर्दी गेला, मे महिन्यात विष्णू दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.
भातखंडे आणि मालर दोघंही १८६० चे. त्यागराज आणि मेंडेल्सोन दोघंही १८४७ मध्ये गेले.

शिवाय जिथे खरोखर धागा जुळतो तिथे तळापासून वर तुटक रेघ न्या. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे नोट्टुस्वर पाश्चात्त्य चालींवर बांधलेले आहेत. होल्स्टने ऋग्वेदातल्या सूक्तांवर समूहगीतं रचली आणि 'सावित्री' हा छोटा ऑपेरा लिहिला. मेस्याँने शारंगदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तले देशी ताल आपल्या लयरचनेत वापरले, आणि तो ग्रंथ देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला, म्हणजे आपल्याच दौलताबादचा. फिलिप ग्लासच्या 'सत्याग्रह' (१९८०) मध्ये गायली जाणारी संहिता गीतेतली, संस्कृतात आहे.

आडवी_पट्टी | रविवार, सकाळी ९:३०

घटनांची पट्टी तळाला स्वतंत्र ठेवा, एवढ्या अटीवर मान्य. त्यागराज-भातखंड्यांना वरच्या ३० ओळींत मिसळू नका. वरच्या मंडळींचं काम लिहिलेल्या स्वरलिपीतून चालत आलंय, आपली बंदिश गुरुमुखातून. एकाच रंगाच्या पट्ट्यांत दोन्ही घातलं की मुलांना वाटतं दोघं एकच काम करत होते. आणि तुटक रेघा चारच, त्याहून एकही जास्त नको.

ऱ्हस्वदीर्घ | रविवार, दुपारी १:१५

नावांबद्दल. याच धाग्यात एकाने वेर्दी लिहिलंय, दुसऱ्याने व्हेर्दी. पोस्टरवर हे चालणार नाही. सगळ्यात आधी एक नियम ठरवा: जी रूपं मराठीत रुळली आहेत ती तशीच (बीथोवन, मोझार्ट), बाकीची मूळ उच्चाराला धरून. मूळ जर्मन उच्चार बेटहोफन, मोत्सार्ट असे आहेत हे बरोबर, पण घरी आईवडिलांनी 'हा कोण नवीन?' विचारावं इतकं शुद्ध होऊ नका. मधल्या 'व'साठी एकतर सगळीकडे व, नाहीतर सगळीकडे व्ह. माझं मत व ला. पट्टीत जागा वाचते. मग राव्हेलचंही रावेल करा.

बाख (बॅच नव्हे). हायडन (हेडन नव्हे). शोपँ. द्वोर्झाक. देब्युसी. सँ-साँस. परीक्षेच्या थिअरीत मुलांना रोमन स्पेलिंग लागतंच, ते पट्टीत कोंबू नका. तळाच्या सूचीत मराठी अकारविल्हे नावं लावून समोर स्पेलिंग, १४ पॉइंटात. सूची जवळ जाऊन वाचायची असते, तिथे बारीक अक्षर चालतं.

'क्लासिकल' या शब्दाचा घोळ आधीच निस्तरा. अख्ख्या परंपरेलाही तोच शब्द आणि १७५० ते १८२० च्या तुकड्यालाही तोच. शीर्षकात 'अभिजात' आणि तुकड्याला 'क्लासिकल' ठेवलं की गोंधळ मिटतो. बाकीचे तुकडे मध्ययुग, प्रबोधनकाळ, बरोक, रोमँटिक, विसावं शतक. रोमँटिकला समीक्षेत 'स्वच्छंदतावादी' म्हणतात. आठ वर्षांच्या मुलावर तो शब्द टाकू नये. या तुकड्यांच्या सीमा कडक रेघेने आखू नका, पार्श्वभूमीचा फिका रंग एकातून दुसऱ्यात विरघळू द्या. १७५० ही सीमा बाखच्या मृत्यूवरून सोयीसाठी धरलेली आहे. त्याचाच मुलगा कार्ल फिलिप तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि वेगळ्याच धाटणीचं लिहीत होता.

साल द्या, तारखा नकोत. बीथोवनची फक्त बाप्तिस्म्याची तारीख (१७ डिसेंबर १७७०) नोंदलेली आहे. बाखची २१ मार्च १६८५ ही जुन्या ज्युलियन पंचांगाने. आजच्या पंचांगाने ३१ मार्च. स्त्राविन्स्कीची ५ जून की १७ जून हाही तोच प्रकार. तारखा घातल्या की दर वर्षी कोणीतरी येऊन चूक काढणार. ज्यांचं जन्मसाल अंदाजाचं आहे त्यांच्यापुढे 'सु.' (सुमारे) लिहायला विसरू नका.

आडनावं सारखी असणाऱ्यांना पूर्ण नाव: तीन बाख, दोन स्कार्लात्ती (बाप अलेस्सांद्रो घेतलात तर), दोन शूमान, दोन मेंडेल्सोन (फॅनी आणि फेलिक्स). श्ट्राउसही दोन, वॉल्ट्झवाला योहान (१८२५-१८९९) आणि रिखार्ड (१८६४-१९४९), आणि त्यांचं एकमेकांशी नातं नाही. शूबर्ट-शूमान ही तर जुनी ठेच. १९५६ साली पूर्व जर्मनीने शूमानचं तिकीट काढलं आणि त्याच्यामागे स्वरलिपी छापली शूबर्टची. तिकीट परत छापावं लागलं.

आकडे देवनागरी ठेवायचे तर टंक बघून घ्या. काही टंकांत १ आणि ९ लांबून सारखेच दिसतात, आणि तुमच्या तक्त्यात १८१३ आणि १८९३ दोन्ही आहेत.

नेरूळ_सेक्टर | रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. चौकोन रद्द, पट्ट्या आखायला घेतल्या. आणखी दोन गोष्टी. एक, पट्ट्यांना रंग कालखंडाने द्यायचे की देशाने? आणि गुरू-शिष्यांचे बाण दाखवले तर गिचमिड होईल का? दोन, चित्रं कुठून घ्यावीत? छपाईचं अजून कोणी बोललेलं नाही.

आडवी_पट्टी | रविवार, रात्री ११:०५

कालखंड पार्श्वभूमीत आलाच आहे, तोच पुन्हा पट्टीवर कशाला? रंग प्रदेशाने: जर्मन-ऑस्ट्रियन, इटालियन, फ्रेंच, रशियन, ब्रिटिश, आणि 'इतर' मिळून सहावा. सगळे फिके, वर काळी अक्षरं. जन्म कुठला यापेक्षा बहुतेक काम कुठे केलं ते धरा, नाहीतर फ्लोरेन्सला जन्मलेला ल्युली इटालियन रंगात जाईल, आणि फ्रेंच दरबारी संगीत तर त्यानेच उभं केलं. हेंडेल मग ब्रिटिश. शोपँवर वाद होईल, होऊ दे. ती पट्टी अर्धी-अर्धी रंगवली तरी चालेल.

रंग आला की नकाशा न काढताच एक गोष्ट दिसते. १७०० च्या आधी इटालियन रंग जास्त, मग जर्मन रंग पसरत जातो, आणि रशियन रंग १८३० नंतर एकदम उगवतो.

बाण १२ च्या वर नकोत, आणि प्रत्यक्ष शिकवलं असेल तरच. प्रभाव, आदर, मैत्री यांना बाण नाही. मोझार्टने सहा चौकडी (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) हायडनला अर्पण केल्या, पण तो हायडनचा शिष्य नव्हता. नक्की घेण्यासारखे: हायडन ते बीथोवन, सँ-साँस ते फोरे ते रावेल, रिम्स्की-कोर्साकोव ते स्त्राविन्स्की, शोनबेर्ग ते बेर्ग आणि वेबर्न, मेस्याँ ते बुलेझ आणि श्टोकहाउझन. चेर्नी यादीत घेतलात तर बीथोवन ते चेर्नी ते लिस्ट अशी सलग तीन पिढ्यांची साखळी मिळते, आणि कीबोर्डच्या मुलांना चेर्नीचं नाव त्याच्या सरावपाठांमुळे (दुर्दैवाने) आधीच पाठ असतं. ओळी आपोआप भरून झाल्यावर गुरू-शिष्य शेजारच्या ओळींत येतील अशी अदलाबदल हाताने करा, म्हणजे बाण आखूड राहतात.

चित्रं १२ पुरे. ४० बाय ५० मिमीच्या चित्राला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ४७२ बाय ५९१ पिक्सेल लागतात, त्याहून लहान फाइल ताणू नका. जुन्या रंगचित्रांना हक्काचा प्रश्न नाही: हाउसमानने काढलेला बाख, श्टीलरचा बीथोवन (१८२०), देलाक्र्वाचा शोपँ. विसाव्या शतकातल्यांचे फोटो मात्र नुसते उतरवून घेऊ नका. आपल्या कायद्यात फोटोवरचा हक्क आता फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. चित्राखाली ते कधी काढलं ते साल द्या. मोझार्टचं सर्वत्र दिसणारं लाल कोटातलं चित्र बार्बरा क्राफ्टने १८१९ मध्ये काढलंय, तो गेल्यावर २८ वर्षांनी.

मॅट_फिनिश_ठाणे | सोमवार, सकाळी ७:५०

छपाईचं मी सांगतो.

फ्लेक्स नको. ते २० फुटांवरून बघायचं माध्यम आहे. ४ फुटांवरून ठिपके दिसतात, ट्यूबलाइट चमकते आणि काही महिन्यांनी कडांना लाटा येतात. मॅट व्हिनाइलवर छापून ५ मिमी सनबोर्डवर (फोमचा हलका, ताठ पत्रा) चिकटवून घ्या, वरून मॅट लॅमिनेशन. सनबोर्डचा पत्रा ८ बाय ४ फुटी येतो, त्यातून ६ बाय ३ एका तुकड्यात निघतो. दुकानदाराला सांगा की छापल्यावर किमान २४ तास सुकू दे, मग लॅमिनेशन. शाईतलं सॉल्व्हंट आत अडकलं की महिन्याभरात कडा उचलतात आणि फुगे येतात. 'संध्याकाळी देतो' म्हणणाऱ्याकडून हे करून घेऊ नका.

एकसंध ६ फुटी बोर्ड रिक्षात जात नाही, टेम्पो लागतो, आणि जिन्यात वळवताना कोपरा दुमडला तर दुरुस्ती नाही. दोन तुकडे केले तर सोपं. वरच्या मापांवरून मी हिशेब करून बघितला: मधोमध कापलं तर काप डाव्या कडेपासून ९१४.५ मिमीवर येतो. मोजपट्टी १७९ मिमीला १५६० ने सुरू होते, म्हणजे काप पडतो बरोब्बर १७७० वर. बीथोवन जन्मतो तिथेच! त्याची पट्टी ९१४ मिमीला सुरू होते, अर्धा मिलिमीटर पलीकडे राहील आणि घाणेरडं दिसेल. काप ३ मिमी डावीकडे घ्या: डावा तुकडा ९११.५, उजवा ९१७.५. एरवी जागा नामी आहे, तुम्ही दिलेल्या नावांपैकी ग्लुक, दोन बाख, हायडन आणि मोझार्ट एवढ्याच पाच पट्ट्या कापल्या जातात. फक्त त्यांची नावं सांध्यावर येऊ देऊ नका. ग्लुक आणि बाखांची सांध्याच्या डावीकडे, हायडनचं कुठेही बसतं, मोझार्टला उजवीकडे ७६ मिमी मिळतात, तिथे नाव ३० पॉइंटात आणि साल २० मध्ये बसवा.

फाइल: १:१ मापाची पीडीएफ, चारी बाजूंनी ५ मिमी जादा. अक्षरं चित्र म्हणून नकोत, आणि देण्याआधी सगळी कर्व्हमध्ये (टंकाची गरज न उरणाऱ्या आकारांत) बदला. इथेच मराठी पोस्टरांचा सत्यानाश होतो. दुकानात कोरेल या मांडणीच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते, त्यात युनिकोड मजकूर उघडला की पहिली वेलांटी दुसरीकडे जाते, जोडाक्षरं पाय मोडून पडतात. घरी इंकस्केप या चित्ररेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंत तर देवनागरी नीट जुळते. टंक 'मुक्त' किंवा 'बालू' घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि जाडीचे बरेच पर्याय मिळतात. टंकाची परीक्षा या चार शब्दांवर: मुसोर्ग्स्की, द्वोर्झाक, राख्मानिनोव, श्ट्राउस. हे चार नीट उमटले तर बाकी ५६ ची काळजी नाही.

रंग: पडद्यावरचा झगझगीत निळा छापल्यावर जांभळट होतो. निळ्यात मजेंटा (गुलाबी शाई) सायनपेक्षा (निळी शाई) बराच कमी ठेवा, १०० ला ७० च्या वर नको. अक्षरांचा काळा फक्त काळ्या शाईचा. चार शाया मिसळून केलेला काळा बारीक अक्षरांना झालर लावतो.

पूर्ण छपाईआधी एक ए३ कागद काढा, १०० टक्के मापात, सर्वांत दाट तुकड्याचा. ४२० मिमी भागिले ३.५ म्हणजे १२० वर्षं: १८२० ते १९४०, १५ ओळी. भिंतीवर चिकटवून ५ फुटांवर उभे राहा आणि संध्याकाळी दिवे लावून बघा. जे वाचता येत नाही ते मोठ्या छपाईतही वाचता येणार नाही.

नेरूळ_सेक्टर | सोमवार, रात्री ९:३५

१७७० चा योग भारी! दोन तुकडेच करतो. ओलीचं काय? डबल टेपवर लावलं तर चालेल का? खिडकी पश्चिमेची आहे.

मॅट_फिनिश_ठाणे | मंगळवार, सकाळी ७:४०

डबल टेप डिस्टेंपरवर लावायचीच नाही. टेप सुटत नाही, डिस्टेंपरचा थर सुटतो, आणि ओल असेल तर जुलैतच. बोर्ड भिंतीला टेकवायचाही नाही, मागे १५ मिमी हवा खेळली पाहिजे, नाहीतर मागे बुरशी धरते. स्टीलचे स्टड मिळतात, जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात ते. प्रत्येक तुकड्याला ६, म्हणजे वर तीन, खाली तीन, कडेपासून ३० मिमी आत, म्हणजे ४० मिमीच्या कडेतच राहतात आणि कोणाच्या नावावर येत नाहीत. सांध्याजवळचे मात्र कडेत येणार नाहीत असं वाटेल, पण ते वरच्या-खालच्या कडेत आहेत, त्यामुळे अडचण नाही. भिंतीत ६ मिमी ड्रिल, प्लास्टिकची गिट्टी, आणि बोर्डातलं भोक स्क्रूपेक्षा २ मिमी मोठं. सनबोर्ड उन्हाळ्यात फुगतो. भोक घट्ट असेल तर मधे पोट येतं. याच कारणासाठी दोन तुकड्यांच्या सांध्यात २ मिमी फट सोडा.

ड्रिल करताना भुगा पांढरा आणि दमट निघाला, गिट्टी हाताने फिरली, तर ते प्लास्टर गेलेलं आहे. तिथे लांब गिट्टी घ्या किंवा जागा ५० मिमी सरकवा; सिमेंट भरून त्याच भोकात पुन्हा बसवू नका.

पश्चिमेचं ऊन थेट पडत असेल तर मजेंटा आणि पिवळा आधी उडतात. म्हणजे तुमचा लाल-नारिंगी देश पहिला फिका पडणार. ऊन खिडकीच्या बाजूच्या टोकावर जास्त असेल, तिकडे विसावं शतक येतंय की मध्ययुग ते बघा. खिडकी उजवीकडे असेल तर रशियन मंडळींना निळा द्या.

ऱ्हस्वदीर्घ | मंगळवार, दुपारी १२:१०

कर्व्हमध्ये बदलण्याआधी मजकुराची एक प्रत साध्या फाइलमध्ये राखून ठेवा. एकदा कर्व्ह झाले की चूक शोधता येते, सुधारता येत नाही. आणि तपासणी पोस्टरवर वाचून करू नका. सगळी जन्म-मृत्यू सालं एका रकान्यात उतरवा, वजाबाकी करा, आणि प्रत्येक फरकाला ३.५ ने गुणून पट्टीची लांबी मोजा. शूबर्ट १०८.५, मोझार्ट १२२.५, हायडन २६९.५, वेर्दी ३०८. जिथे माप जुळणार नाही तिथे एकतर साल चुकलंय किंवा पट्टी.